बिनउन्हाचं कॅथेड्रल

एकदा असं झालं, की एक वृद्ध स्थपती आपल्या तरुण शिष्याला घेऊन पार उत्तरेकडच्या एका बंदरगावी गेले. तिथलं नवं कॅथेड्रल, म्हणजे ख्रिस्ती लोकांचं मोठं प्रार्थनामंदिर, जगभर गाजलेलं. काँक्रीटच्या उंच, तिरप्या भिंती आणि पूर्वेला जमिनीपासून शिखरापर्यंत एकच रंगीत काच. उन्हाळ्यात त्या काचेतून आत रंग सांडतात, ते बघायला माणसं समुद्र ओलांडून येतात. आणि आमचे गुरुजी गेले कधी? भर डिसेंबरात, जेव्हा तिथं सूर्य उगवतच नाही!

ते पोचले तेव्हा दुपार होती आणि बाहेर काळोख. शिष्याचं डोकंच फिरलं.

"गुरुजी, एवढ्या लांब येऊन बघायचं काय? काळी काच?"

"हो. तीच," गुरुजी म्हणाले आणि मफलर आवळून चालू लागले.

आता या शिष्याची हकिगत सांगायला हवी. त्याचं गाव सह्याद्रीच्या कुशीत होतं. होतं असंच म्हणायचं, कारण एका आषाढात सकाळी डोंगर खाली आला आणि गावावर बसला. हा तेव्हा शहरात शिकत होता. वडील, धाकटी बहीण, सगळी भावकी मातीखाली गेली. आई त्या दिवशी माहेरी होती, म्हणून वाचली. पुढे तिथं स्मृतिमंदिर बांधायचं ठरलं आणि काम याच्याकडेच आलं. त्यानं जीव ओतून आराखडा केला: उंच दगडी दालन, छताला एक अरुंद फट, आणि दर वर्षी त्याच दिवशी, त्याच घटकेला त्या फटीतून सूर्यकिरण उतरून मृतांच्या नावांवर पडणार. सूर्याचे कोन त्यानं संगणकावर पुन्हा पुन्हा ताडून पाहिले. समितीनं तोंडभरून वाखाणणी केली. परत गेल्यावर छताचं काम सुरू व्हायचं होतं. त्या उजेडात आईला एकदा नेऊन बसवलं, की तिच्या जीवाला थोडी शांती मिळेल, एवढीच त्याची आस होती. स्वतः तो मात्र डोंगर कोसळल्यापासून एकदाही रडला नव्हता. कामाला जुंपून घेतलं की रडायला फुरसत मिळत नाही, हे आपण सगळेच जाणतो.

कॅथेड्रलमध्ये शिरल्यावर दिसलं, की काच खरंच काजळी फासल्यासारखी काळीठिक्कर होती. गुरुजींनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते चक्क तिच्याकडे पाठ करून एका बाकावर बसले.

"अहो गुरुजी, निदान भिंती तरी बघा!" शिष्य कुजबुजला.

"माणसं बघ," ते म्हणाले.

माणसं हळूहळू येत होती. त्या आठवड्यात गावची एक मासेमारी बोट बुडाली होती, आणि एकाचंही प्रेत हाती लागलं नव्हतं. प्रत्येक बाकासमोर, बसल्या जागी हात पोचेल अशा कोनाड्यात एकेक दिवा होता. एक तरुण बाई येऊन बसली. तिनं आपला दिवा लावला नाही, नुसती बघत राहिली. मग शेजारचा म्हातारा उठला, त्यानं तो लावला आणि निमूट जागेवर जाऊन बसला.

"इथली रीत आहे," गुरुजी हळू आवाजात म्हणाले. "ज्याच्या घरचं माणूस गेलं, त्यानं दिवा लावायचा नाही. शेजाऱ्यानं लावायचा. बांधणाऱ्यानं आधी हे कोनाडे आखले. काच नंतर." मग त्यांनी विचारलं, "तुझा किरण कधी पडायचा?"

"आषाढात. डोंगर आला त्याच दिव..."

शब्द तोंडातच राहिला. अहो, त्याच मातीत वाढलेलं पोर! आषाढात त्या खोऱ्यात पंधरा-पंधरा दिवस सूर्याचं तोंड दिसत नाही, धुकं घरात शिरतं, चुलीपुढे घोंगड्या वाळत पडतात, हे त्याला कुणी सांगायला हवं होतं का? पण संगणकाच्या आभाळात ढग नसतात. त्याच्या डोळ्यांपुढे ते दालन उभं राहिलं. त्या दिवशी तिथं अंधार असणार. फटीतून पाऊस नावांवर गळणार. आणि आई त्या अंधारात, वर बघत, किरणाची वाट पाहत उभी असणार.

"हे घरीच का नाही सांगितलंत?" त्याचा आवाज चिरकला.

"सांगितलं असतं, तर तू फटीला काच बसवली असतीस आणि चार दिवे टांगून मोकळा झाला असतास. तुझी चूक कोनात नव्हती रे. शोक करायला माणसं येतात, तेव्हा त्यांच्याकडे ऊन नसतंच. त्या वेळी त्यांना काय द्यायचं, एवढाच आपल्या विद्येचा प्रश्न आहे. देखावा सूर्य करतो, त्यात तुझं-माझं काय?"

शिष्य खाली मान घालून बसला. पलीकडच्या बाकावरची एक वृद्धा त्याला निरखत होती. तिला त्याची भाषा येत नव्हती. तिनं भुवया उंचावून गुरुजींना खुणेनंच विचारलं, याच्याही घरचं कुणी गेलं का? गुरुजींनी होकारार्थी मान हलवली. ती गुडघ्यावर हात टेकत उठली, शिष्यासमोरचा दिवा तिनं लावला, आणि परत न जाता त्याच्या शेजारीच बसली.

तेव्हा तो रडला. बहिणीचं नाव घेऊन, लहान मुलासारखा हमसून हमसून रडला. म्हातारीनं त्याला उगी केलं नाही. गुरुजींनीही नाही.

बांधणाऱ्यांनो, तुमच्या दारी माणसं ज्या दिवशी रडत येणार, त्या दिवसाचं आभाळ आधी आठवा.