मठातला गिझर

“टाकीचा गिझर की बिनटाकीचा, बुवा? एवढंच तर सांगायचंय. महिना झाला विचारतोय...”

गणूबुवा भिंतीला टेकून बसले होते. हल्ली सकाळीच दमलेले असायचे.

विचारणारा सुहास, बुवांचा शिकलेला शिष्य. इंजिनियर. मठातल्या जुन्या गिझरची टाकी गळायला लागली, तेव्हा त्यानं बिनटाकीचा छोटा गिझर आणून बसवला होता. पसंत पडतो का बघायला.

“टाकी रात्रभर पाणी ऊन ठेवते. कुणासाठी? कुणासाठीच नाही. दिवसाला एक युनिट नुसतं हवेत जातं. हा नळ सोडला की तापवतो, बंद केला की गप्प.” त्यानं हिशोबाचा कागद पुढे केला. “काढा चूक.”

“मला कुठलं रे वाचता येतंय...”

बुवा गुडघ्यावर हात देऊन उठले. “चल. भिकाजीच्या आंघोळीची वेळ झाली.”

भिकाजी मठातच राहायचे. त्यांच्या अंगावरून वारं गेलेलं. बसल्या जागेवरून हलता येत नाही. एका बादलीत भागतही नाही.

“शर्ट काढ. बस त्याच्याशेजारी,” न्हाणीत आल्यावर बुवा सुहासला म्हणाले.

बुवांनी भरलेली बादली दोघांच्या अंगावर ओतली आणि दुसरी नळाखाली लावली.

पाणी चांगलं ऊन होतं. धार मात्र करंगळीएवढी.

पौषाची सकाळ. खिडकीची फळी निघालेली. दोन मिनिटांत सुहासचे दात वाजायला लागले.

भिकाजी वाकड्या तोंडानं हसले. “साहेब... अजून तळच झाकलाय.”

“दोन्ही बादल्या आधीच भरून ठेवल्या तर?”

“पहिली निवते,” बुवा म्हणाले.

बादली भरायला नऊ मिनिटं लागली. तोवर भिकाजींचे ओठ निळे पडले होते. सुहास त्यांच्याकडे बघायचं टाळत होता.

“हरलो, बुवा. टाकीचाच आणतो. हिशोब चुकला माझा.”

“हिशोब बरोबर आहे तुझा. वीज कशाला वाया घालवायची? हाच राहू दे.”

“मग यांनी रोज असं कुडकुडायचं?”

कोरडा पंचा बुवांनी सुहासच्या हातात दिला...

“उद्यापासून साडेपाचला ये. बादली भरेस्तोवर त्याला पोटाशी धरून बस. माझ्या अंगात आता तेवढी ऊब राहिली नाही.”