ओ नावाची गल्ली

या मंडळी, असे पुढे या. नळाशी ओल आहे, जपून. आता मान वर करून ती पाटी बघा. निळ्या पत्र्यावर पांढरं अक्षर दिसतंय ना? बाकीची अक्षरं पुसली गेलीत असं वाटत असेल तर तसं काही नाही. आहे ते एवढंच आहे. ‘ओ’. रायकसबा नगरपालिकेच्या रस्त्यांच्या नोंदीत मोठमोठ्या माणसांच्या नावांचे रस्ते आहेत, देवांचे चौक आहेत, आणि त्यांच्या मधोमध ही आमची गल्ली एका अक्षरावर ठाण मांडून बसली आहे. मागे शिरगणतीला आलेल्या बाईंनी पेन्सिल सरसावून विचारलं होतं, “पुढचं सांगा.” पुढचं काही नाही हो बाई! हाक मारल्यावर माणूस देतं ती ओ.

दिवा लागायला अजून थोडा अवकाश आहे, तेवढ्यात सांगून होईल. दिवा लागला की मात्र असेन तिथं थांबावं लागेल. का, ते तुम्हाला तेव्हा कळेल.

असं सांगतात, की नगरपालिका अगदी नवी होती तेव्हाची ही गोष्ट. रस्त्यावर रॉकेलचे दिवे लावायचे ठरले होते आणि सगळ्या गावाच्या अंगात वारं शिरलं होतं. त्या वेळी या गल्लीत एका बाजूला तांबट आणि दुसऱ्या बाजूला कोष्टी. इकडून हातोड्यांचं ठणठण, तिकडून मागांचं खटखट! शेजारणीशी बोलायचं तर ओरडावं लागायचं. इथली माणसं बाहेरगावी गेली तरी ओरडूनच बोलायची म्हणे, आणि लोकांना वाटायचं, भांडायला आली आहेत.

गल्लीच्या टोकाशी द्वारकाबाई भडभुंजीण राहायची. नवरा गेलेला. चणे-फुटाणे भाजायचे, लाह्या फोडायच्या, त्यावर तिचं आणि लेकीचं पोट. लेकीचं नाव मैना. बारशाला हौसेनं ठेवलेलं नाव, पण पोर मोठी झाली, पळायला लागली, तरी तोंडातून शब्द म्हणून आला नाही. ऐकू सगळं यायचं. नजर तर अशी तरतरीत, की सांगायच्या आधी सूप आणून द्यायची. फक्त आवाज नव्हता. “मैना ठेवलंस आणि मुकी निघाली,” असं लोक म्हणायचे. द्वारकाबाई हसून घालवायची, आणि मग घरात जाऊन भट्टीतला जाळ उगाच हलवत बसायची.

तिचं खरं मरण व्हायचं तिन्हीसांजेला. पोर खेळायला कुठंतरी गेलेली, गल्लीत अंधार उतरलेला. इतर आया दारात उभ्या राहून हाक मारायच्या, पोरं ‘ओ’ द्यायची, घरी यायची. द्वारकाबाई “मैनेऽऽ” म्हणून हाक मारायची, पण ओ येणार कुठून? मग ती अंधारात चाचपडत निघायची. हा ओटा, तो बोळ, ती तांबटांची राखेची रास. पोर सापडेपर्यंत तिच्या जिवात जीव नसायचा. एके दिवशी तिनं गावदेवीपुढे पदर पसरला. म्हणाली, “आई, माझी लेक एकदा मला ओ देऊ दे. मग या गल्लीत कुणाचीही हाक मी रिकामी जाऊ देणार नाही.”

आणि तेवढ्यात ही दिव्याची बातमी आली! गल्लीच्या तोंडाशी खांब, खांबावर दिवा! द्वारकाबाईला तर आनंदानं काय करू आणि काय नको असं झालं. पोर बोलत नाही तर न बोलो, उजेडात दिसेल तरी! तिनं त्या दिवशी येईल त्या गिऱ्हाइकाच्या ओंजळीत वर मूठभर फुटाणे जास्त टाकले.

पण मेख होती. नगरपालिकेचे सेक्रेटरी होते अण्णाजीपंत उकिडवे. माणूस सज्जन, पण नियमाला असा चिकटलेला की सोडवता सोडवेना. त्यांचं म्हणणं, नोंदीत नाव नसेल तर दिवा द्यायचा कुणाला? आणि नाव कोण ठेवणार, तर तेही नाही. “बारसं घरच्यांनी करायचं असतं,” ते म्हणाले. “पाडव्याला मी प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी येईन आणि नाव विचारीन. गल्ली एका तोंडानं जे सांगेल ते पाटीवर चढेल. दोन तोंडं झाली, की मी पुढे जाईन.”

झालं! तांबट म्हणाले, तांबट आळी. कोष्टी म्हणाले, कोष्टी गल्ली. तांबटांचे म्होरके रंगोबामामा आणि कोष्ट्यांचे शिवलिंगअण्णा, काल एकाच ताटात जेवणारे दोघे, आज एकमेकांच्या सावलीला उभे राहीनात. द्वारकाबाई दोन्ही घरी गेली.

“मामा, तुमचं नाव मोठं आहे, एवढ्यानं का ते लहान होणार आहे? जाऊ द्या ना.”

“त्यांना सांग जाऊ द्यायला,” रंगोबामामा म्हणाले.

“अण्णा, माझ्या पोरीसाठी तरी.”

शिवलिंगअण्णांनी मागावरून मान वर केली नाही. “तुझ्या पोरीसाठी मी जीव देईन, द्वारके. नाव मागू नकोस.”

पाडवा उजाडला. अहाहा, काय तो दिवस असेल! घरोघरी गुढ्या, पुढे सनई, मागे पाट्यांनी भरलेली बैलगाडी, गाडीमागे अर्धं गाव. दवंडीवाला सटवाजी प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी डफावर थाप मारून ओरडायचा, “नाव बोला होऽऽ!” आतून एका आवाजात नाव यायचं, गुलाल उडायचा आणि पाटी ठोकली जायची. लिंबाची आळी झाली. चुन्याच्या घाण्याचा रस्ता झाला. ज्या बोळात दोन माणसं समोरासमोर आली की एकाला मागं सरावंच लागतं, त्या बोळानं आपलं नाव ‘सासूचा बोळ’ सांगितलं, आणि अण्णाजीपंतांनी चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता ते लिहून घेतलं. आजही ती पाटी आहे, परतताना दाखवतो.

शेवटी मिरवणूक इथं आली. अगदी याच जागी. सटवाजीनं थाप मारली, “नाव बोला होऽऽ!”

आणि जो काय कल्लोळ उठला! तांबटांनी हंडे-परातींवर हातोडे घातले, कोष्ट्यांनी मागाच्या दांड्या दारांवर आपटल्या. तांबट आळी! कोष्टी गल्ली! कान फुटायची वेळ आली. दोन्हीकडची माणसं गल्लीच्या मध्यावर येऊन रेटारेटी करायला लागली. अण्णाजीपंतांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि म्हणाले, “सटवाजी, दम खा. अजून एकदा विचारू आणि मग पुढे जाऊ.”

द्वारकाबाईच्या डोळ्यांपुढे तो दिवा विझत चालला होता, लागण्याआधीच. तिनं पोरीला जवळ घ्यायला हात लांब केला, तर हाताला काही लागेना. वळून बघते तो मैना जागेवर नाही. जमिनीवर तिच्या हातातली फुटाण्यांची पुडी उलटी पडलेली, आणि फुटाणे गर्दीच्या पायाखाली.

तिनं हाक मारली. “मैनेऽऽ!” तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. तिनं बोळ पाहिला, ओटे पाहिले, माणसांच्या पायांतून वाकून पाहिलं. पोर कुठंच नाही! मग मात्र ती पिसाळली. रंगोबामामांच्या दारात एक भलाथोरला हंडा पालथा होता, त्यावर ती चढली आणि कधी कुणाला अरे म्हणून न बोललेली ती बाई अशी कडाडली, की सनईवाल्याच्या हातून सनई सुटली.

“गप्प बसा! सगळे गप्प बसा! माझी पोर हरवली!”

हातोडे थांबले. दांड्या थांबल्या. गल्लीत शांतता झाली. असं सांगतात, की गल्ली वसल्यापासून ती इतकी शांत कधीच झाली नव्हती. गुढीवरची साखरेची गाठी वाऱ्यानं हलली तीही ऐकू आली. आणि द्वारकाबाईनं रोजच्यासारखी हाक मारली.

“मैनेऽऽ!”

कुणी कुणाकडे बघेना. या हाकेला ओ येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बायकांनी पदर तोंडाला लावले. द्वारकाबाईनं पुन्हा हाक मारली.

तेव्हा जमिनीतून आवाज आला.

“ओऽऽ.”

बारीक, कापरा आवाज. रिकाम्या घागरीत तोंड घालून बोलावं तसा घुमणारा. द्वारकाबाई हंड्यावरून खाली उतरली. तिनं हा आवाज कधी ऐकलेला नव्हता, तरी तो कुणाचा, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

“माझी मैना! अहो, माझ्या मैनेनं ओ दिली!”

मग काय विचारता! सगळी गल्ली गुडघ्यांवर आली. रंगोबामामांनी जमिनीला कान लावला. “पेवात आहे, पेवात! हाक मार द्वारके, मारत राहा!” पेव म्हणजे जुन्या काळी धान्य साठवायला जमिनीत खोल खणलेली कोठी. मोकळं पडलेलं एक पेव गल्लीच्या मधोमध होतं, आणि रेटारेटीत त्याच्या तोंडावरची फरशी तुटून पोर आत गेली होती आणि वरून माती ढासळून तोंड बुजलं होतं. द्वारकाबाई हाक मारायची, खालून ओ यायची. हाक आणि ओ, हाक आणि ओ! माणसं हातांनी माती आणि दगड उपसत होती, आणि कोण तांबट, कोण कोष्टी, हे त्या धुळीत ओळखू येत नव्हतं.

तोंड मोकळं झालं. खाली कुणाला उतरवायचं तर कडा ढासळतील, म्हणजे पोरीलाच वर ओढायला हवं. शिवलिंगअण्णा धावत घरात गेले आणि मागावरचं अखंड लुगडं कापून घेऊन आले. लग्नाघरचं काम होतं ते, जरीच्या काठांचं, पण त्या घडीला कुणाला त्याचं काय! रंगोबामामांनी कड्यांचं एक लहानसं घंगाळ आणलं. लुगडं पिळून कड्यांत बांधलं, घंगाळ खाली सोडलं. वरून द्वारकाबाई म्हणाली, “मैने, आत बस गं बाळा. बसलीस?”

“ओ.”

“ओढा!”

आणि घंगाळात बसलेली, धुळीनं माखलेली मैना वर आली. गुडघा फुटलेला, बाकी खरचटलंसुद्धा नाही. द्वारकाबाईनं तिला उराशी धरलं. तिला रडायचं होतं, पण आधी तिनं पोरीच्या कानाशी अगदी हळू हाक मारली. खरंच का, हे तिला बघायचं होतं.

“मैने?”

“ओ,” मैना म्हणाली.

आता मागची गर्दी विचारत होती, काय म्हणाली, काय म्हणाली? पुढच्यांनी मागच्यांना सांगितलं, मागच्यांनी त्यांच्या मागच्यांना, आणि आनंदानं वेडी झालेली सगळी गल्ली, तांबट, कोष्टी, बाया, पोरं, एका आवाजात ओरडली.

नेमकं त्याच क्षणी इकडे तोंडाशी उभ्या सटवाजीनं डफावर थाप मारली होती. त्याला बिचाऱ्याला गर्दीमुळे आतलं काही दिसत नव्हतं; पोर सापडल्याचं कळलं, म्हणून पंतांच्या सांगण्याप्रमाणे त्यानं पुन्हा विचारलं. “नाव बोला होऽऽ!”

“ओऽऽऽ!”

अण्णाजीपंतांनी कान टवकारले. “एका तोंडानं आलं,” ते म्हणाले. “लिहा.”

कारकून गोंधळला. “पंत, हे कसलं नाव?”

“नाव गल्लीनं ठेवायचं. आपण फक्त पाटी ठोकायची.”

दुसऱ्या दिवशी पाटी बदलून मागायला रंगोबामामा आणि शिवलिंगअण्णा आपापल्या घरून निघाले होते, असंही सांगतात. वाटेत द्वारकाबाईच्या दारावरून दोघांनाही जावं लागलं. आत माय हाक मारत होती आणि लेक ओ देत होती, उगाच, काही काम नसताना. दोघेही तिथंच उभे राहिले आणि मग फुटाणे घेऊन घरी परतले. पुढच्या महिन्यात खांब आला, दिवा लागला.

द्वारकाबाईनं नवस फेडला. गल्लीत कुणीही, कुणालाही हाक मारो, घरात माणूस नसलं तर ती भट्टीवरून ओ द्यायची आणि निरोप घ्यायची. वाटसरू चुकून हाक मारून गेला तर त्यालासुद्धा! मैना मात्र दुसरा शब्द कधीच बोलली नाही. ओ तेवढी दिली, जन्मभर दिली, आणि रोज दिवा लागला की मायची हाक आणि लेकीची ओ ऐकायला हातोडे आणि माग दोन्ही थांबायचे.

मग द्वारकाबाई गेली. त्या संध्याकाळी मैना, आता केस पिकलेली, सवयीनं खांबाखाली येऊन बसली. दिवा लागला. हाक आली नाही. तिनं गल्लीकडे बघितलं. तेव्हा तांबटांच्या ओट्यावरून एका सुनेनं, जिचा आवाज द्वारकाबाईसारखा मुळीच नव्हता, हाक मारली, “मैनेऽऽ!” मैनेनं ओ दिली. दुसऱ्या दिवशी कोष्ट्यांच्या दारातून हाक आली. तिची एकही संध्याकाळ रिकामी गेली नाही.

आणि मैनाही गेली. त्या दिवशी दिवा लागला, कुणाच्या तरी तोंडून सवयीनं हाक निघाली, आणि निघाल्यावर त्या बाईला भान आलं. आता ओ कोण देणार? पण द्वारकाबाईचा शब्द होता, या गल्लीत हाक रिकामी जायची नाही. मग सगळ्या गल्लीनं मिळून ओ दिली.

आजही नगरपालिकेला नवं नाव द्यायचं असलं की पाटी ठोकण्याआधी ते नाव रस्त्याच्या तोंडाशी मोठ्यानं पुकारतात. आतून ओ आली तरच नोंद होते. परवा नव्या वसाहतीत ‘रॉयल गोल्डन अव्हेन्यू’ म्हणून पुकारलं, तर एक कुत्रंही भुंकलं नाही, आणि तो अजून ‘पाण्याच्या टाकीमागचा रस्ता’च आहे!

आणि आजही... थांबा, थांबा! तो बघा, दिवा लागला. ऐका, हातोडा थांबला. हातमाग आता एकच उरलाय, तोही थांबला. ताई, तुम्ही मघापासून डोळे पुसताय, आज तुम्हीच मारा हाक. लाजू नका, मोठ्यानं मारा.

“मैनेऽऽ!”

“ओऽऽऽ!”