नावाड्याच्या प्रसंगाला सारंगी

“म्हणजे तिथं सारंगी नको होती, असं तुझं म्हणणं?”

भाऊंनी विचारलं आणि चहाची कपबशी बाजूला सारली.

“नको होती,” उज्ज्वला म्हणाली.

खोलीत बसलेल्या बाकीच्या शिष्यांनी माना खाली घातल्या. भाऊ काटदऱ्यांना त्यांच्याच घरात असं कुणी म्हणत नसे.

सिनेमाच्या पार्श्वसंगीताबद्दल कोल्हापुरात भाऊंचा शब्द शेवटचा. तरुणपणी ते वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवत, पुढं लिहू लागले, मग शिकवू लागले. उज्ज्वला तोडकर ही त्यांची सगळ्यांत तयार शिष्या. वर्तमानपत्रात लिहायची आणि एका वाक्यात संगीतकाराला आडवं करायची. भाऊंची जीभ हिला मिळाली, असं लोक म्हणत. तिला ते आवडायचं.

वाद होता एका जुन्या चित्रपटाच्या शेवटच्या प्रसंगाचा. नदीवर पूल होतो. उद्घाटनाच्या दिवशी सगळा गाव पुलावरून नाचत जातो, आणि खाली काठावर म्हातारा नावाडी आपली नाव कुऱ्हाडीनं फोडत असतो. संगीतकार मनोहर डिग्रजकरांनी त्या प्रसंगाला गावातला बँड वाजवला होता. उडत्या चालीचा, जरा बेसूरच.

चित्रपट आला तेव्हा भाऊंनी लिहिलं होतं, “माणूस रडतोय आणि संगीतकार वरातीत नाचतोय. इथं एक सारंगी पुरली असती.”

वाक्य गाजलं. डिग्रजकरांना त्यानंतर कुणी फारसं विचारलं नाही.

भाऊ आपल्या शिष्यांना तो तुकडा ऐकवत, संगीत कसं करू नये याचा नमुना म्हणून. उज्ज्वलेनंही तो तसाच ऐकला होता, त्यावर हसलीही होती. ऐकला होता... पाहिला नव्हता. मागच्या महिन्यात तिनं तो चित्रपट पहिल्यांदा पाहिला आणि तिची झोप उडाली.

ती कारणं सांगू लागली, तसं भाऊंनी हात वर केला. इथं माझ्या घरात नको, ते म्हणाले, वाचनालयाच्या सभागृहात बोल. लोकांसमोर. मी तुझ्या विरुद्ध बोलेन.

ती हो म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी मिरजेला गेली.

डिग्रजकर घरी मुलांना पेटी शिकवत होते. तिनं सगळं सांगितलं, याल का म्हणून विचारलं. एकदा झालेला निकाल पुन्हा कशाला उकरायचा, असं म्हणून त्यांनी तिला चहा दिला आणि निरोप दिला.

रविवारी सकाळी सभागृह भरलं. उज्ज्वलेनं मंचावरून पाहिलं तर शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून, डिग्रजकर बसलेले.

आज ती हरली असती तर तिची फजिती झाली असती, ती तिनं सोसलीही असती. पण या माणसाचा भर सभेत दुसऱ्यांदा अपमान झाला असता, आणि तोही तिच्या बोलावण्यावरून.

भाऊ आधी बोलले. थोडंच, पण नेहमीसारखं धारदार. शेवटी त्यांनी ते जुनं वाक्य म्हटलं आणि सभागृह खळखळून हसलं. शेवटच्या रांगेत डिग्रजकर आपल्या हातांकडे बघत राहिले.

उज्ज्वलेनं तयार करून आणलेलं भाषण त्या हसण्यात वाहून गेलं. ती उठली आणि एवढंच म्हणाली की आधी भाऊंच्या म्हणण्याप्रमाणे करून बघू.

हैदरभाई सारंगीवाल्यांना तिनं सांगून ठेवलं होतं. ते पडद्याखाली बसले. चित्र सुरू झालं, मूळ आवाज बंद ठेवून. नावाड्यानं कुऱ्हाड उचलली आणि सारंगी बोलू लागली.

काय वाजवलं हैदरभाईंनी... नाव फुटत गेली तसे पदर डोळ्यांना लागले. कुणीतरी “वा” म्हणालं. भाऊ डोळे मिटून ऐकत होते.

संपलं सगळं, तिला वाटलं. आपणच आपला घात केला.

मग तिनं तोच प्रसंग मूळ आवाजासकट लावला.

बँड सुरू झाला. एका कोपऱ्यात हशा पिकला.

पडद्यावर कुऱ्हाडीचा पहिला घाव पडला. तो बँडच्या ठेक्यावर पडला नाही, मधेच कुठंतरी पडला. दुसराही तसाच. वर पुलावर गाव नाचत होता. खाली कुणी वाकून बघत नव्हतं. कोपऱ्यातलं हसणं थांबलं.

म्हातारा दमला. त्यानं घाम पुसला, एकदा वर पुलाकडे पाहिलं. बँड वाजतच राहिला. त्यानं पुन्हा कुऱ्हाड उचलली.

चित्र संपलं. या वेळी कुणी डोळे पुसले नाहीत. कुणी “वा” म्हणालं नाही. कुणी हललंही नाही.

उज्ज्वला हळू आवाजात बोलली.

“सारंगीनं आपल्याऐवजी रडून घेतलं. आपण मोकळे झालो... आता त्या म्हाताऱ्यासाठी रडायला तिथं कुणी नाही. सगळा गाव पुढं निघून गेला. त्याच्याजवळ फक्त आपण थांबलोय.”



“पुन्हा लाव,” भाऊ म्हणाले.

तिनं लावलं.

“पुन्हा.”

या खेपेला भाऊ खुर्चीतून उठले, पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले. त्यांची सावली नदीवर पडली. हैदरभाईंनी सारंगी गवसणीत घातली आणि तेही बघू लागले.

बँड थांबल्यावर भाऊ वळले. त्यांनी डिग्रजकर आलेत का, म्हणून विचारलं. उज्ज्वलेनं बोट दाखवलं.

भाऊ मंचावरून उतरले आणि रांगांमधून चालत शेवटपर्यंत गेले. लोक माना वळवून बघत होते. डिग्रजकर गडबडीनं उभे राहिले. दोघांत काय बोलणं झालं, ते कुणालाच ऐकू आलं नाही. मग भाऊंनी त्यांचा हात धरला, त्यांना मंचावर आणलं, आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः खाली सतरंजीवर, शिष्यांच्या मधे जाऊन मांडी घातली.

तेव्हा टाळ्या सुरू झाल्या. सगळं सभागृह उभं राहिलं. डिग्रजकर पुन्हा उठले आणि हात जोडून तसेच उभे राहिले. खाली कधी बसायचं ते त्यांना कळेना. टाळ्या थांबतच नव्हत्या. एका तरुण दिग्दर्शकानं तर मंचावर चढून त्यांचा फोन नंबर घेतला.

उज्ज्वलेचे पाय जमिनीवर नव्हते. लोक येऊन हात हातात घेत होते. ती जिंकली होती, आणि कुणासमोर...

तेवढ्यात तिच्या मनात शंका शिरली. सभागृहात बोल, असं भाऊच म्हणाले होते. पुन्हा लाव, पुन्हा लाव, हेही तेच म्हणाले होते. इतक्या सहज भाऊ आजवर कुणापुढं हरले नव्हते.

ती गर्दीतून वाट काढत जिन्याखाली आली. भाऊ एकटेच चपला शोधत होते.

“भाऊ, खरं सांगा. तुम्ही मुद्दाम हरलात का?”

भाऊंनी एक चप्पल पायात घातली. दुसरी घातली. वर टाळ्या अजून चालूच होत्या. ते तिच्याकडे बघून हसले.

“मुद्दाम तर मी इतकी वर्षं जिंकत होतो.”