ओट्यावरची खाच

अहो पाव्हणे, त्या चिऱ्यावर पाय नका ठेवू. मधोमध खाच दिसते ना, ती कोयत्याची आहे. आणि कोयता आणला होता सख्ख्या भावासाठी.

असं सांगतात, आमच्या दांडेखोलात झकरिया नाखवा आणि याकूब हे दोघे भाऊ. झकरियाच्या गलबतावर याकूबचा एकुलता एक मुलगा कामाला गेला. वादळात गलबत फुटलं. नाखवा तेवढा पोहत परत आला. याकूबच्या डोक्यात मग एकच विचार घर करून बसला, माझा मुलगा गेला आणि हा कसा जगला?

एके सकाळी तो कोयता घेऊन निघाला. मशिदीच्या या ओट्यावर भाऊ एकटाच कुराण वाचत बसतो, हे त्याला ठाऊक होतं. आता ऐका हं! वाटेत हौद लागला, तर या बाबाने कोयता काठावर ठेवून सवयीने वजू केला. निघालाय खून करायला, आणि नमाजाला जावं तसे हातपाय धुतोय! त्याच्या ध्यानातही आलं नाही म्हणे.

दबक्या पावलांनी तो भावाच्या पाठीशी आला. तेवढ्यात वाचता वाचता झकरिया सजद्याच्या आयतीवर पोचला. ती आयत आली की वाचणाऱ्याने कपाळ जमिनीला टेकायचं, ऐकणाऱ्यानेही. झकरिया वाकला. मान उघडी, समोर! आणि याकूब? अहो, तोही वाकला. लहानपणापासूनची सवय, कोयत्यासकट अंग खाली गेलं.

याकूब उठला. झकरिया उठेना. याकूबने कोयता उगारला, तरी उठेना.

"ऊठ ना रे भाई!" तो ओरडला.

"ऊन तुझ्या पाठीशी आहे. सावली मघाशीच दिसली," झकरिया कपाळ न उचलता म्हणाला. "तुझा मुलगा माझ्याच हातून सुटला, याकूब. तुला काय तोंड दाखवू? उरक तुझं काम."

याकूबच्या हातून कोयता निसटला तो या चिऱ्यावर. मग भावाच्या खांद्यावर हात ठेवून तो हमसून हमसून रडला, आणि त्यानेच त्याला उठवलं.

आजही आमच्याकडे त्या आयतीला वाचणारा आपणहून उठत नाही. ऐकणारा आधी उठतो, त्याच्या खांद्यावर हात ठेवतो, मगच. चाळीस वर्षं मी इथे वाचतोय. तरी हात पडेपर्यंत दर वेळी माझी मान गार पडते.