खांबावरचा हात

फार फार वर्षांपूर्वी, ज्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं त्यांची नातवंडंही आता उरलेली नाहीत अशा काळी, डोंगरांच्या कुशीत एक राज्य होतं. राज्य लहान, पण राजा असा की त्याचं नाव घेतलं तर रडतं पोर गप्प व्हायचं. लोकांनी बोललेलं त्याला खपत नसे. बोलणारा माणूस सकाळी घरून निघे आणि संध्याकाळी परत येत नसे. तो कुठं गेला असं विचारणाराही मग परत येत नसे.

नाहीशा झालेल्या माणसांचा आकडा कळू नये म्हणून या राजानं एक फर्मान काढलं होतं. ज्यांचे नवरे गेले त्या बायकांनी बांगड्या फोडायच्या नाहीत. बाजारात रिकामे हात दिसू लागले की लोक ते मोजू लागतात, हे त्याला ठाऊक होतं. दुष्ट माणूस मूर्खच असतो असं तुम्हाला कोणी सांगितलं, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

त्या राजधानीत एक कासारीण राहत होती. गावातला प्रत्येक हात तिच्या ओळखीचा. तिचा नवरा थट्टेखोर होता आणि तीच थट्टा त्याला भोवली. भर बाजारात तो म्हणाला, "मग महाराजांनी खूण तरी पाठवावी. कोणत्या हातात सौभाग्याच्या भरायच्या आणि कोणत्या हातात फर्मानाच्या?" लोक हसले. दुसऱ्या दिवशी तो नव्हता.

सात वर्षं गेली. कासारीण दुसऱ्यांच्या हातात बांगड्या भरत राहिली. बायका हात पुढं करत आणि हळूच विचारत, "मावशी, भरू ना? मी कोण आहे, सवाष्ण की विधवा?" तिला उत्तर देता येत नसे, कारण स्वतःच्या हाताचंही उत्तर तिला माहीत नव्हतं. सात वर्षांत तिनं देवाकडं दुसरं काही मागितलं नाही. माझा माणूस आहे की नाही, एवढं कळू दे.

मग एकदा दुष्काळात सैनिकांनाच भाकरी मिळेना, तेव्हा सैनिक उलटले आणि राजा धरला गेला. त्याच्या प्रधानानं आदल्या दिवशी वारा ओळखून बाजू बदलली होती. किल्ल्याचा दरवाजा आतून त्यानंच उघडला, म्हणून लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं. सात वर्षं फर्मानांवर शिक्का कोण उठवत होतं, हे विचारायला त्या दिवशी कोणालाच सवड नव्हती.

पाच पंच बसले. फिर्याद सांगायला तीनशे माणसं रांगेत उभी राहिली, त्यांत बायकाच जास्त. पहिली फिर्याद एका तेल्याची होती. राजानं त्याच्या भावाला चौकात सर्वांसमोर मारलं होतं, साक्षीदार म्हटलं तर सगळं गाव. गुन्हा घटकाभरात शाबीत झाला आणि शिक्षा ठरली, मृत्यू.

कासारीण रांगेत एकशेबारावी होती. तिनं विचारलं, "आणि आमच्या फिर्यादी?"

प्रधान गोड हसला. म्हणाला, "बाई, मान एकच आहे. ती एकदाच कापता येते. मग बाकीचं ऐकून काय करायचं?"

हे ऐकून लोकांनी माना डोलावल्या. त्यांना ते शहाणपणाचं वाटलं.

आता या राज्यात एक जुनी रीत होती. वध करायचा त्याला चौकातल्या खांबाला बांधत. ज्याची फिर्याद ऐकायची राहिली असेल त्यानं सूर्य उगवताना त्या खांबावर हात ठेवायचा. सूर्य मावळेपर्यंत हात तिथं आहे तोवर वध करायचा नाही; रात्री वध होतच नसे, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा हात ठेवता येई. पण दिवसा हात एकदा उचलला, की हक्क संपला. मेलेला माणूस उत्तर देत नाही, हे जाणूनच वाडवडिलांनी ही रीत घातली असणार. पुढं पुढं लोक ती विसरले होते.

कासारीण विसरली नव्हती. सकाळी राजाला खांबाला बांधलं आणि तिनं खांबावर हात ठेवला.

पहिल्या दिवशी लोकांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी त्यांना राग आला. कोणी म्हणालं, हिला राजाचा पुळका आलाय. कोणी म्हणालं, हिनं सोनं घेतलंय. तिच्या घरातल्या बांगड्यांचे हारे रस्त्यावर आणून कोणीतरी पायांखाली तुडवले. ज्या बायकांच्या हातांवर तिनं सात वर्षं फुंकर घातली होती, त्यांच्यातलीच एक तिच्या तोंडावर थुंकली. कासारणीनं डाव्या हातानं तोंड पुसलं. उजवा खांबावर होता.

आणि ती राजाला विचारत होती. सकाळी, दुपारी, पुन्हा पुन्हा एकच. माझा माणूस कुठं आहे?

दुसऱ्या दिवशी दुपारी राजा बोलला. मला जिवंत ठेवा, जन्मभर कोठडीत टाका, मग एकेकाचं नाव घेऊन सांगतो, म्हणाला. पंचांमध्ये एक आंधळा धनगर होता, सर्वांत म्हातारा. तो म्हणाला, "ठेवा त्याला. त्याच्या मरणानं आपलं काय भरून येणार आहे? तो जगला तर रोज एक दार उघडेल." बाकीचे चार पंच घुटमळले. त्यांनाही हे पटत होतं, पण बाहेर लोक ओरडत होते आणि पंचांनाही घरी जायला याच रस्त्यानं जावं लागत होतं. प्रधानानं सरहद्दीकडं बोट दाखवलं. जिवंत राजा म्हणजे उद्या पलीकडची फौज घेऊन परत येणारा राजा, असं तो म्हणाला आणि पंचांनी शिक्षा तशीच ठेवली.

तिसऱ्या दिवशी राजाच्या ध्यानात आलं, की आपण काही सुटत नाही. प्रधान आपल्याला जगू देणार नाही, कारण आपण बोललो तर पहिलं नाव त्याचंच येईल. पण जाताजाता कोणाला तरी दुखवून जावं, एवढी खोड त्या माणसात अजून शिल्लक होती. त्यानं मान वळवून कासारणीकडं पाहिलं.

"तुझा नवरा मला चांगला आठवतो," तो म्हणाला. "तुझंच नाव घ्यायचा. मी त्याला सांगितलं, तुझ्या बायकोनं दुसरं घर केलं. त्याला खरं वाटलं. फार रडला."

सात वर्षांचा संताप कासारणीच्या हातात उतरला आणि तिनं राजाच्या थोबाडीत मारली.

उजव्या हातानं.

चौकात आरोळी उठली. क्षणभरानं तिला कळलं आणि तिनं हात पुन्हा खांबावर आपटला, पण प्रधानानं खूण केली होती. ती ओरडत राहिली, त्याला विचारू द्या, आता तो सांगतोय. तिला दोघांनी ओढून बाजूला नेलं. कुऱ्हाड पडली. नगारे वाजू लागले आणि तीन दिवस वाजत राहिले. गूळ वाटला गेला. लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडले, न्याय झाला म्हणाले. पुढं कधी कोणी विचारलं, तर कासारीण खरं तेच सांगे. त्या क्षणी मलाही तेच हवं होतं, म्हणे.

प्रधान तात्पुरता गादीवर बसला आणि पंधरा वर्षं बसला. रांगेतली एखादी बाई आलीच, तर तो हळहळून म्हणे, "ज्यानं केलं तो गेला. आता विचारायचं कोणाला?" हळूहळू बायका यायच्या बंद झाल्या. मग बाजारातून एक बोलका विणकर नाहीसा झाला. नंतर आणखी दोघे.

प्रधान म्हातारपणी अंथरुणात, सुखानं मेला. त्यानंतरच्या पावसाळ्यात किल्ल्यातल्या धान्याच्या कोठाराची जमीन खचली आणि खाली एक तळघर निघालं. तिथं तेवीस माणसांची हाडं होती, कोणती कोणाची हे ओळखू न येणारी. तळघराला दार होतं, पण ते बाहेरून विटांनी बुजवलेलं होतं. आत माणसं आहेत, हे दोघांनाच ठाऊक होतं. एकाला लोकांनी मारलं होतं. दुसऱ्यानं त्याच दिवशी गवंडी बोलावला होता, कारण आतली तेवीस तोंडं उघडली असती तर तोही त्याच खांबाला बांधला गेला असता.

सगळं गाव गोळा झालं. कासारीण आता पार वाकली होती, तिला दोघींनी धरून खाली तळघरात आणलं. भिंतीवर कोळशानं काही लिहिलं होतं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून गावच्या पंतोजींनी दिवा धरून वाचलं.

"वर नगारे वाजताहेत. राजा पडला. आता आपली माणसं येतील."

त्याच्याखाली, एकेका दिवसाची एक, अशा अकरा रेघा होत्या.

कासारणीनं पंतोजींना पुन्हा वाचायला सांगितलं. त्यांनी वाचलं. तिनं तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा त्यांनी दिवा खाली ठेवला. मग ती स्वतःच पुढं झाली आणि बोटानं चाचपत रेघा मोजू लागली. वर उभ्या असलेल्या गावाकडं पाहून ती एवढंच म्हणाली, "आपण नाचत होतो तेव्हा हे जिवंत होते."



लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढं मात्र मनात ठेवा: जुलमी माणसाचा जीव घेतल्यानं सूड पुरा होतो, पण न्यायाला त्याची मान नको असते, त्याच्याकडचं सत्य हवं असतं.