साळिंदरिणीचे काटे

रानात अजून पायवाटाही पडल्या नव्हत्या, तेव्हाची गोष्ट. बिबट्याने साळिंदरिणीच्या पिल्लावर झडप घातली आणि तोंडभर काटे रुतवून घेतले. मग कण्हत कण्हत तोच न्याय मागायला गव्याकडे गेला.

गव्याच्या वाटेला आजवर कुणी गेलं नव्हतं. तो साळिंदरिणीला म्हणाला, "बाई, लेकराला वाचवलंस ते ठीक. पण एवढे काटे कशाला? एक-दोन टोचून भागलं नसतं?"

साळिंदरिणीच्या अंगाचा तिळपापड झाला. "दादा, मी पिल्लाला आड घेऊन, पाठ फिरवून जागच्या जागी उभी होते. जोर किती लावायचा, ते चावताना यानंच ठरवलं. मग माझे काटे काय मोजता? याचा जबडा मोजा."