विहिणीची भाषा

मुलांनो, आणि मुलांच्या पाठीमागे बसून हळूच कान देणाऱ्या मोठ्यांनो, ही गोष्ट फार जुनी आहे. तेव्हा डोंगराला रस्ते नव्हते, नुसत्या पायवाटा होत्या.

डोंगराच्या माथ्यावर एक गाव होतं आणि पायथ्याशी, समुद्राला लागून, दुसरं. मध्ये उभा घाट. वरच्या गावाची भाषा वेगळी, खालच्या गावाची वेगळी. वरचे म्हणत, लाटांचा आवाज ऐकून ऐकून खालच्यांचं बोलणं बिघडलंय. खालचे म्हणत, वरच्यांच्या तोंडात वारा शिरलाय.

वरच्या गावात केवळाबाई राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घर लहान, शेत त्याहून लहान, पण बोलण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. बांधावरून दोन भाऊ कोयते घेऊन उभे राहिले, की लोक धावत केवळाबाईला बोलावून आणत. ती मध्ये उभी राहायची, एकाला रागवायची, दुसऱ्याला हसवायची, आणि संध्याकाळी ते दोघे भाऊ एका ताटात जेवायचे. रुसून माहेरी आलेल्या लेकी तिच्याशी घटकाभर बोलून आपणहून सासरी परत जायच्या.

केवळाबाईला मंजुळा नावाची एकुलती एक लेक. खालच्या गावचा एक तरुण सुकी मासळी घेऊन घाट चढून यायचा. त्याला वरची भाषा थोडी थोडी यायची. तेवढ्या थोड्या भाषेत त्याने मंजुळाला मागणी घातली आणि मंजुळा घाट उतरून समुद्राकाठच्या घरात नांदायला गेली. वयाने कोवळी होती, तिथली भाषा तिने बघता बघता उचलली.

पहिल्या बाळंतपणाला लेकीने माहेरी यायचं असतं. पण तो उभा घाट गरोदर बाईने चढायचा कसा? म्हणून लेक आईकडे आली नाही, आईच लेकीकडे गेली.

दारात विहीणबाई उभ्या होत्या. उंच, वाळलेल्या, फारसं न हसणाऱ्या. त्यांनी केवळाबाईच्या पायांवर पाणी घातलं आणि काहीतरी बोलल्या. केवळाबाईही काहीतरी बोलली. मग दोघी मंजुळाच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"सासूबाई म्हणतात, वाटेत त्रास झाला का?"

"त्यांना सांग, पाय दुखतात, पण तुझं तोंड बघून उतरलं सगळं."

असं सगळं चालायचं. मंजुळा इकडचं तिकडे करायची, तिकडचं इकडे.

मुलगी झाली. गोड, काळ्याभोर जावळाची. पण दुसऱ्या दिवशी मंजुळाला सडकून ताप भरला आणि ती ग्लानीत गेली. थोडी वरची भाषा येणारा जावईही घरी नव्हता. सुईण एका वाटीत काढा घेऊन आली. वास नाकात शिरताच केवळाबाईने तो ओळखला. एका कडू मुळीचा काढा होता. मंजुळा लहान असताना याच्या दोन घोटांनी तिचा गळा सुजला होता, श्वास कोंडला होता, पोर हातची जाता जाता राहिली होती.

"नको, नको! हे तिला चालत नाही!" केवळाबाई ओरडली.

सुईण हसून मान डोलवत राहिली आणि तिने मंजुळाचं डोकं उचललं. केवळाबाईने हातवारे केले, स्वतःचा गळा धरून दाखवला. सुईणीला वाटलं, म्हातारीलाच तहान लागलीय. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. वाटी मंजुळाच्या ओठांना लागली, तशी केवळाबाईने झेप घेतली आणि हाताच्या फटक्याने वाटी उडवून दिली. काढा भिंतीवर, सुईणीच्या लुगड्यावर, सगळीकडे.

सुईण तणतणत निघून गेली. विहीणबाईंचा चेहरा दगडासारखा झाला. दिवसभर केवळाबाईशी कोणी बोललं नाही. बोललं असतं तरी तिला काय कळणार होतं? ती लेकीच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत बसली. ज्या बाईच्या एका शब्दासाठी माणसं धावत यायची, तिला स्वतःच्या लेकीच्या जिवासाठी एक शब्द सापडला नव्हता.

संध्याकाळी ताप उतरला. मंजुळाने डोळे उघडले, आईने सांगितलेलं सगळं ऐकलं आणि सासूला समजावलं.  ओलं फडकं घेऊन विहीणबाईंनी भिंतीवरचा काढ्याचा डाग स्वतः पुसला, मग केवळाबाईसमोर ताट वाढून आणलं आणि ती जेवेपर्यंत जवळ बसून राहिल्या.

जेवण झाल्यावर केवळाबाई म्हणाली, "मंजुळे, मला तुमची भाषा शिकायचीय."

मंजुळाला हसू आलं. "आई, आता? केस पांढरे झाले तुझे. आणि मी आहे ना सांगायला."

"केस पांढरे झालेत, जीभ नाही झाली. आणि तू ग्लानीत असताना कोण होतं सांगायला?"



तोवर पावसाने घाट बंद झाला होता. आता ओढे उतरेपर्यंत केवळाबाईला परत जाता येणार नव्हतं. ती शिकायला लागली.

शिकणं सोपं नव्हतं बरं! सकाळी घोकलेला शब्द दुपारी नेमका हवा तेव्हा पळून जायचा आणि रात्री अंथरुणावर पडलं की आपणहून ओठांवर यायचा. लोक तिच्याशी एकतर बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून बोलायचे, नाहीतर तान्ह्या बाळाशी बोलावं तसं लाडे लाडे.

एक दिवस मंजुळा झोपली होती आणि आमटीला मीठ नव्हतं. केवळाबाई धीर करून शेजारणीच्या दारात गेली. त्या भाषेत 'मीठ' आणि 'सासरा' हे दोन शब्द अगदी जवळचे होते. एकात जीभ टाळ्याला लागायची, दुसऱ्यात दाताला. केवळाबाईची जीभ चुकीच्या जागी लागली. ती अदबीने म्हणाली, "तुझा सासरा थोडा देतेस का? आमटीत टाकायचाय."

शेजारीण पोट धरून हसत खाली बसली. ओसरीवर तिचे सासरे बसले होते, तेही हसले. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर सगळ्या बायका एकमेकींना सासरे मागत होत्या.

केवळाबाईला हे फार लागलं. आपल्या गावात ती दुसऱ्यांना हसवायची, पण तिला कोणी कधी हसलं नव्हतं. तिने घराबाहेर पडणं सोडलं. घरातही तोंड उघडेना. पाळण्याची दोरी ओढत मुकाट बसायची आणि मनात म्हणायची, 'वर मी केवळाबाई आहे. इथे मी कोण? एक वेडपट म्हातारी.'

दोन-तीन दिवस विहीणबाईंनी हे बघितलं. मग एका सकाळी त्या मिठाचं मडकं घेऊन आल्या आणि केवळाबाईच्या समोर मांडी घालून बसल्या. तिचा हात ओढला, तळव्यावर मीठ ठेवलं आणि तो शब्द म्हणाल्या. केवळाबाई गप्प. विहीणबाई पुन्हा म्हणाल्या. केवळाबाई पुटपुटली. विहीणबाईंनी स्वतःचं तोंड उघडून जीभ कुठे लावायची ते दाखवलं. दोन म्हाताऱ्या एकमेकींच्या तोंडात वाकून बघत होत्या! मंजुळाने ते पाहिलं आणि पदर तोंडात कोंबला. पण शब्द बरोबर येईपर्यंत विहीणबाई उठल्या नाहीत. तो आला तेव्हा त्यांनी समाधानाने मान हलवली, आणि मग शेजारणीचं नाव घेऊन दाराकडे बोट दाखवलं.

केवळाबाईला कळलं. ती उठली, शेजारणीच्या दारात गेली आणि स्वच्छ म्हणाली, "मीठ दे." शेजारणीचं तोंड उघडंच राहिलं. मग केवळाबाईने ओसरीवरच्या सासऱ्यांकडे बघितलं आणि खुणेने सांगितलं, 'हे राहू देत.' या वेळी हसू तिने स्वतः सुरू केलं होतं. शेजारीण हसली ती तिच्याबरोबर.

त्या दिवसापासून केवळाबाईने चुकायची लाज सोडली. कोळणींच्या टोपल्यांपाशी बसून ती मासळीची नावं विचारायची. नातीशी सगळे सावकाश बोलायचे, तेच तेच शब्द पुन्हा पुन्हा म्हणायचे. ती नातीशेजारी बसून तेही उचलायची. विहीणबाई मात्र कडक. एक चूक सोडायच्या नाहीत.

आणि एक दिवस अंगणात बायका गप्पा मारत असताना केवळाबाई तांदूळ निवडता निवडता थांबली. तिच्या ध्यानात आलं, आपण एकेक शब्दाचा अर्थ शोधत नाही आहोत. आपल्याला कळतंय! बायका कोणाच्या तरी आळशी जावयाबद्दल बोलत होत्या. विषय काही मोठा नव्हता. पण केवळाबाईच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

त्याच आठवड्यात नातीच्या आंघोळीच्या पाण्यावरून तिचं विहीणबाईंशी भांडण झालं. पाणी फार कढत आहे, असं तिचं म्हणणं. चांगलं कडकडीत भांडण झालं, आणि तेही विहिणीच्या भाषेत. शेवटी विहीणबाईंनी त्यात गार पाण्याचा तांब्या ओतला आणि म्हणाल्या, "भांडतेस छान."

पाऊस संपला, ओढे उतरले, घाट मोकळा झाला. केवळाबाई परत निघायची तयारी करत होती, तेवढ्यात गावात आरडाओरडा झाला.

वरच्या गावचे मेंढपाळ चराईला खाली उतरले होते. खालच्या गावाने त्यांना ओढ्यापर्यंतची रानं दिली होती. पण मेंढरं ओढा ओलांडून देवराईत शिरली होती आणि देवाच्या नावाने लावलेली कोवळी रोपं खाऊन गेली होती. गावकरी वल्ही आणि काठ्या घेऊन धावले. मेंढपाळांनी गोफणीत दगड भरले. केवळाबाई पोचली तेव्हा दोन्ही बाजू एकमेकांना शिव्या देत होत्या. कोणालाच दुसऱ्याच्या शिव्या कळत नव्हत्या, आणि पहिला दगड सुटायचाच बाकी होता. वरच्या भाषेतले दोन शब्द बोलणारा तिचा जावई होडी घेऊन समुद्रात गेलेला, आणि मंजुळा तान्हीला घेऊन घरीच राहिलेली.

"म्हाकू!" केवळाबाईने मेंढपाळांच्या म्होरक्याला ओळखलं. "गोफण खाली कर."

"आक्के, तू हितं?" म्हाकू चकित झाला. "ह्यांनीच जा म्हनून सांगितलं आन् आता हेच मारायला उठल्यात!"

केवळाबाई मधोमध उभी राहिली.  मोडकं बोलले आणि एखादा शब्द चुकला तर? इथे चुकीचा शब्द म्हणजे फुटलेलं डोकं. पण ती गावकऱ्यांकडे वळली आणि त्यांच्या भाषेत म्हणाली, "थांबा. मी बोलते. माझं बोलणं वाकडं. तुम्ही सरळ ऐका."

गर्दी थोडी निवली. देवराईच्या राखणदाराला तिने विचारलं, "ह्याने तुला काय विचारलं?"

"हात करून देवराई दाखवली. जाऊ का, असं विचारत होता."

"तू काय केलं?"

राखणदाराने हनुवटी वर उडवली आणि जिभेने 'च्' केलं. "नाही म्हणून सांगितलं! लहान पोरालाही कळेल."

केवळाबाई म्हाकूकडे वळली. "यानं असं केलं, त्याचा अर्थ काय घेतलास?"

"जा म्हनाला की! आपल्याकडं हनुवटी उडवली म्हंजे काय? जा पुढं!"

 केवळाबाईने सगळ्यांना दिसेल अशी हनुवटी वर उडवली. "खालच्या गावात, हे नाही. वरच्या गावात, हे जा. एक हनुवटी. दोन अर्थ. कोणी खोटा नाही. कोणी चोर नाही."

 कोणीतरी नकळत हनुवटी उडवून बघितली. मग दुसऱ्याने. राखणदार खजील झाला आणि म्हाकूने गोफणीतला दगड खाली टाकला.

पण गावचा प्रमुख पुढे आला. "ते खरं असेल, बाई. पण रोपं तर गेली. देवाला काय सांगू?"

केवळाबाईने म्हाकूशी बोलून घेतलं. मेंढपाळ देवराईला काटेरी कुंपण घालायला तयार होते, आणि महिनाभर गावाच्या शेतांत मेंढरं बसवायलाही. मेंढरांच्या खताने शेत कसं पिकतं हे वर सगळ्यांना ठाऊक होतं, खाली नाही. आणि खताला खालचा शब्द काय, हे केवळाबाईला ठाऊक नव्हतं!

ती क्षणभरच थांबली. "मेंढी पुढून खाते," ती म्हणाली. "मागून देते. ते शेताला फार आवडतं. भात, इतका!" आणि तिने हात डोक्याच्याही वर नेला.

एवढा हशा पिकला की झाडावरची पाखरं उडाली. प्रमुखही हसला. "मग त्या मेंढ्यांना म्हणावं, पहिला नैवेद्य माझ्या शेतात." केवळाबाईने हे म्हाकूला सांगितलं, आणि आता मेंढपाळ हसले.

त्या दिवशी एकाही माणसाला खरचटलं नाही. पुढच्या हंगामात खालचा भात असा आला की लोक घाटाकडे डोळे लावून मेंढरांची वाट बघू लागले.

पण मला सांगायची आहे ती त्याच दिवसाच्या संध्याकाळची गोष्ट. दोघी विहिणी ओट्यावर बसल्या होत्या. नात मांडीवर झोपली होती. मंजुळा आत चुलीपाशी होती, मध्ये सांगायला कोणी नव्हतं. विहीणबाईंनी विचारलं, "तुझा नवरा कसा होता गं?"

कित्येक वर्षांत हे तिला कोणी विचारलं नव्हतं. वर सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणी विचारत नव्हतं. केवळाबाई सांगू लागली. शब्द कमी पडत होते, काळ चुकत होते, मेलेला नवरा मधूनच जिवंत होऊन शेतावर जात होता. विहीणबाईंनी एकही चूक दुरुस्त केली नाही. ऐकता ऐकता त्यांनी डोळे पुसले, आणि मग स्वतःच्या नवऱ्याचं सांगायला लागल्या, जो एका सकाळी होडी घेऊन गेला आणि परत आला नाही. मंजुळा जेवायला बोलवायला आली आणि उंबऱ्यातूनच मागे फिरली.

केवळाबाई घाट चढून घरी गेली ती दरवर्षी खाली येण्यासाठीच. तिच्या मागून वरच्या बायका उतरू लागल्या, खालच्या चढू लागल्या. दोन्ही पाणवठ्यांवर दोन्ही भाषा ऐकू येऊ लागल्या. आणि पुढच्या उन्हाळ्यात एक उंच, वाळलेली, फारशी न हसणारी म्हातारी काठी टेकत घाट चढून वर आली. केवळाबाईच्या दारात उभी राहून, धापा टाकत, वरच्या भाषेत म्हणाली, "विहीणबाई, मी आली. आता मला शिकव."

म्हणून सांगतो, ज्याला चुकायची लाज वाटत नाही, त्याला कोणतीही भाषा आणि कोणतंही माणूस परकं राहत नाही.